भट्टीत पडलेली ओळ

१

मास्तरांचं डोकं दोनदा फोडलं होतं, आणि दोन घावांच्या मध्ये जवळजवळ अर्धा तास गेला होता.

शवागारातल्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा तपासाच्या बाईंनी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. डॉक्टर वैतागले. "मागचा घाव आधीचा. त्यातलं रक्त साकळलं होतं. कपाळावरचा नंतरचा, त्यानेच माणूस गेला. मधे पंचवीस मिनिटं तरी गेली. दहा म्हणाल तर नाही."

"म्हणजे मारणारा पंचवीस मिनिटं तिथेच बसून होता?"

"बसला होता की नाचत होता, ते शोधणं तुमचं काम."

पोलिसात वीस वर्षं काढलेल्या बाईंना राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा. आत्ताही आला होता, पण तो डॉक्टरांवर नव्हता. डोक्यात सणक गेलेला माणूस मारतो आणि पळतो. हा थांबला होता. समोर म्हातारा जमिनीवर पडून कण्हतोय आणि हा थांबलाय. कशासाठी?

काल दुपारी पाहिलेली ती तिसऱ्या मजल्यावरची यंत्रांची खोली बाईंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तीन लोखंडी कपाटं, त्यात घरघरणारी यंत्रं, एक चाकांची खुर्ची. कपाटाचीच उपसून काढलेली हातभर लोखंडी पट्टी कोपऱ्यात पडलेली, तिच्या टोकाला पांढरे केस चिकटलेले. खुर्चीपासून भिंतीपर्यंत नऊ फूट रक्ताचा पट्टा, त्यात दोन्ही बाजूंना कोपरांचे ठसे. पट्टा संपला तिथे मास्तर, आणि त्यांच्या मुठीत विजेच्या मुख्य बटणाची दांडी, खाली ओढलेली. बोटं एकेक करून सोडवावी लागली होती. त्याच विजेवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ अकरा अठ्ठावन्नला थांबलं होतं.

"पडता पडता धरली असेल दांडी," हवालदार म्हणाला होता.

टेबलावर पुठ्ठ्याची एक वही होती. शेवटच्या नोंदीत महिन्यापूर्वीची तारीख आणि पुढे एवढंच: '४१. ओळी ४१२.' बाईंनी ती स्वतःच्या पिशवीत टाकली आणि खोलीला सील ठोकलं.

मास्तर ज्या छोट्या कंपनीत होते ती दुसऱ्यांची टपालं सांभाळायची. दोन शाळा, एक दवाखाना आणि एक आसराघर, म्हणजे नवऱ्याच्या मारातून जीव घेऊन पळालेल्या बायकांना लपवणारी संस्था. या सगळ्यांची ईमेलं मास्तरांच्या यंत्रातून जायची-यायची. हाताखाली सव्वीस वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत. काल सव्वाबाराला मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली अशी ती सापडली. अकरा ते बारा ती खालच्या मजल्यावर सामानाच्या खोलीत होती म्हणे, पण पाहणारं कुणी नव्हतं. त्यात परवाच ती मास्तरांवर किंचाळली होती. "तुम्हीच फोडलंत! तुमच्याशिवाय कोण आहे?" हे पहारेकऱ्याने दारातून ऐकलं होतं.

"रक्त आहे, भांडण आहे, आणखी काय हवंय तुला?" मोठे साहेब म्हणाले. "आज संध्याकाळी पाचपर्यंत तिच्याकडून काढून घे. नाही जमलं तर पाच वाजता मुसळ आत जाईल."

मुसळ हे ठाण्यातल्या एका शिपायाचं टोपणनाव. तीन वर्षांपूर्वी बाईंनीच पकडलेल्या एका सुताराकडून मुसळने दोन तासांत कबुली काढली होती. खरा खुनी आठ दिवसांनी सापडला. सुतार सुटला, पण त्याचा उजवा हात पुन्हा रंध्यावर बसला नाही. अजून तो बाईंच्या गल्लीतून जायचा आणि मान खाली घालून त्यांना नमस्कार करायचा, डाव्या हाताने. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते.

२

कोठडीत चिमणी भिंतीला पाठ लावून बसली होती. केस डाव्या कानावर घट्ट ओढलेले.

"काय फोडलं होतं मास्तरांनी?"

चिमणीने गुडघे पोटाशी ओढून घेतले.

"मुली, पाच वाजता इथे जो येणार आहे ना, तो प्रश्न विचारत नाही."

"मारू दे," चिमणी म्हणाली. "मला सवय आहे." तिने केस बाजूला केले. डाव्या कानाची वरची अर्धी पाळी नव्हतीच. "हे लग्नाच्या पहिल्या वर्षातलं. मास्तरांनी कधी आवाज चढवला नाही माझ्यावर. मी चढवला, परवा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन दिवस दे, शोधून काढतो. शोधून काढलं बहुतेक त्यांनी."

"काय?"

बाईंच्या लक्षात आलं की हिच्या गप्प बसण्यात भीती स्वतःसाठी नाही, आणखी कुणासाठी तरी आहे. अशा माणसाच्या समोरच्या दारावर थापा मारण्यात अर्थ नसतो. बाई मागच्या दाराने गेल्या.

"बरं, ते राहू दे. वहीत आकडे आहेत. एक्केचाळीस म्हणजे काय?"

कामाचं विचारल्यावर चिमणीचा चेहरा बदलला. "भट्टी. एक्केचाळिसावी."

"भट्टी?"

"टपालाचा प्रोग्राम बाजारात आयता मिळतो. मास्तर आयता घेत नसत. मूळ मजकूर आणायचा आणि इथेच बनवायचा. बनवायच्या आधी एक चिठ्ठी लिहायची. प्रोग्रामात काय घालायचं, काय वगळायचं, पत्रं कुठे ठेवायची, कुणाला आत येऊ द्यायचं, अशी चारशे ओळींची. मग भट्टी लावायची. आमचं यंत्र जुनं आहे, वीस मिनिटं कुरकुरतं, आणि प्रोग्राम तयार होऊन बाहेर येतो."

"नंतर काही बदलायचं झालं तर?"

"काही गोष्टी चालू असताना बदलतात. मास्तर त्यांना कपडे म्हणायचे. पण चिठ्ठीतलं जे भट्टीत पडलं, ती हाडं. वरून दिसत नाहीत. बदलायची तर पुन्हा भट्टी."

"माझ्या आईची पावाची भट्टी होती," बाई म्हणाल्या. "पिठात मीठ घालायचं राहिलं तर भाजलेल्या पावावर भुरभुरून चालत नाही."

चिमणी काल दुपारपासून पहिल्यांदा हसली, अगदी जेमतेम. "मास्तरांना आवडलं असतं हे. त्यांचा एक नियम होता. चिठ्ठीतली ओळ नको झाली तर खोडायची नाही. तिच्या पुढे जाळीची खूण टाकायची, दोन उभ्या दोन आडव्या रेघांची. जाळी असली की भट्टी ती ओळ सोडून देते, पण माणसाला वाचता येते. पुढच्याला कळलं पाहिजे ना, इथे काय होतं ते. सुरुवातीला मी एकदा ओळ खोडली, तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

बाई उठल्या तशी तिने मागून हाक मारली. "बाई, ते यंत्र पुन्हा चालू केलंय कुणी?"

"नाही. खोलीला सील आहे."

"मग करू नका. केलंच तर आधी जाळ्याची वायर काढा. बाहेर जाणारी. हात जोडते."

"का?"

चिमणीने केस पुन्हा कानावर ओढले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

३

मास्तरांचा धाकटा भाऊ वेल्डर होता. अंगाने दरवाजाएवढा, आणि ठाण्याच्या दप्तरात त्याची दोन पानं होती. एकदा दारूच्या गुत्त्यात कुणाचा तरी जबडा, एकदा मास्तरांचाच हात.

"मोडला होता हात," तो बाईंसमोर सरळ म्हणाला. "सहा वर्षं झाली. आईला कुणी सांभाळायचं यावरून. त्यानंतर थेंब प्यायलो नाही. अण्णाने कधी तोंडातून काढलं नाही ते. हात वाकडाच बसला, पण काढलं नाही." त्याने गुडघ्यावर मूठ आपटली. "काल सव्वादहाला गेलो होतो वर, आईचं औषध द्यायला. अण्णा पडद्याकडे बघत होता. म्हणाला, नंतर ये, माझ्या हातून फार वाईट झालंय."

"काय झालंय?"

"विचारलं. म्हणाला, मीच भाजलं रे, माझ्याच हाताने. मला काय कळणार? मी निघालो. अकरापासून टाकीच्या जोडकामावर होतो, चार माणसं होती बरोबर." मग एकदम त्याचा आवाज फाटला. "ज्याने केलं तो मला पाच मिनिटं द्या, बाई. पाच मिनिटंच."

चार माणसांकडे हवालदार जाऊन आला. वेल्डर खरं बोलत होता.

कंपनीचे मालक रस्त्यापलीकडच्या कचेरीत बसत. चाळिशीचे, गोड बोलणारे, बाहीला इस्त्री. उजव्या गालावर ते बर्फाची पिशवी दाबून होते आणि बोलताना डाव्या गालातला कापूस जिभेने सावरत होते.

"माफ करा, काल दात काढला. पलीकडच्याच डॉक्टरांकडे होतो. अकरा दहाला नाव लिहून बसलो, वीस माणसं पुढे, साडेबाराला नंबर लागला. बाहेर येतो तर ही बातमी." त्यांचे डोळे भरून आले. "मी स्वतः प्रोग्रामर होतो एके काळी. पण मास्तरांपुढे आम्ही कोण? बेचाळीस भट्ट्या लावल्या त्या माणसाने, एक बिघडली नाही. आणि शेवट असा, स्वतःच्याच पोरीच्या हातून."

"तिनेच मारलं म्हणता?"

"मी कोण म्हणणारा? पण तिचं पूर्वीचं आयुष्य तुम्हाला ठाऊक असेल. मार खाऊन खाऊन माणसाच्या डोक्यात काहीतरी तुटतं. मीच दया येऊन ठेवली होती."

बाहेर पडताना बाईंना काहीतरी खटकलं. पायात खडा असावा तसं. जिना उतरताना त्यांना वाटलं, तो दात. मग त्या उलट्या फिरल्या आणि थेट दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या.

"काढला ना, वरचा डावा," डॉक्टर म्हणाले. "सहज निघाला. सूज? डावीकडे थोडी येईल, दिवसभर."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे मी हातच लावला नाही. पण खाली, जबड्यापाशी, चांगली लाल होती काल. मी विचारलं तर म्हणाले, दार लागलं."

नाव लिहिलं अकरा दहाला, खुर्चीत बसले साडेबाराला. मधल्या सव्वा तासात बाहेर बसलेल्या वीस दुखऱ्या तोंडांपैकी कुणी कुणाकडे बघितलं नव्हतं. डॉक्टरांच्या न्हाणीघराशेजारचं दार मागच्या जिन्यावर उघडत होतं. पण दार लागून गाल सुजतो हेही खरं, आणि सुजलेल्या गालावर कुणी फासावर जात नाही.

दीड वाजला होता.

४

बाईंनी मोठ्या साहेबांना न विचारता चिमणीला कोठडीतून काढलं आणि तिसऱ्या मजल्यावर नेलं. हवालदाराची पाचावर धारण बसली होती, पण तोही मागोमाग आला.

चिमणी दारातच थांबली. वाळलेलं रक्त काळं पडलं होतं. ती कोपरांच्या ठशांकडे बघत राहिली आणि मग तिने ओठ दातांत धरून रडू आत ढकललं.

मुख्य दांडी पुराव्यात होती, तिला हात लावायचा नव्हता. खालच्या मजल्यावरून लांब वायर आणून एकच यंत्र जोडलं. चिमणीने आधी बाहेरच्या जाळ्याची वायर उपटली, बाईंना हातात धरून दाखवली, आणि मगच बटण दाबलं.

"कालपासून हे यंत्र कुणी चालू केलेलं नाही?" बाईंनी विचारलं.

"शक्यच नाही. वीज अकरा अठ्ठावन्नला गेली ती गेलीच. मग मी, मग तुम्ही, मग सील."

"आता मला तुमचा तो टपालाचा प्रोग्राम दाखव. कपडे नकोत, हाडं दाखव."

चिमणीने एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर चार ओळी आल्या, आणि तिची बोटं तिथेच थांबली.

"हे चुकीचं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"भट्टी लागली की प्रोग्राम आपणहून पुढचा आकडा घेतो. कुणी लिहावा लागत नाही, आत कोरला जातो, वेळेसकट. वहीत शेवटची एक्केचाळीस आहे ना?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हा बेचाळीस म्हणतोय. काल, अकरा बावन्न."

बाईंच्या पायातला खडा एकाएकी हातात आला.

"चिठ्ठी उघड. ओळी मोज."

"चारशे अकरा." चिमणी पांढरीफटक पडली. "एक ओळ गेली. जाळी नाही लावली, उडवलीच. बाई, मास्तर मेले तरी असं करणार नाहीत."

"मेलेच होते जवळजवळ," बाई म्हणाल्या. "आणि तूही नाही करणार. दोन दिवसांचा अबोला खाल्लायस तू." त्यांनी खुर्ची ओढली आणि चिमणीच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "आता सांग. मास्तरांनी काय फोडलं असं तुला वाटलं होतं?"

चिमणीने डोळे मिटले.

"पत्ते," ती म्हणाली.

५

आसराघर प्रत्येक बाईला वेगळ्या जागी ठेवायचं. पत्ता कुणालाच ठाऊक नसायचा, फक्त संस्थेच्या दोन ताईंमध्ये एक ईमेल जायचं. चिमणी स्वतः त्या घरात दोन वर्षं राहिली होती, आणि तिथूनच मास्तरांनी तिला कामाला आणलं होतं.

"गेल्या महिन्याभरात दोघींना नवऱ्यांनी गाठलं. एकीला जिन्यावरून फेकलं, ती गेली. दुसरीचे गुडघे हातोडीने फोडले. पत्ता नवा होता, आठ दिवसांचा. ईमेलाशिवाय कुठेच नव्हता. म्हणून मी मास्तरांवर ओरडले. यंत्राला हात तेच लावायचे ना! पण हे पोलिसांत बोलले तर आसराघराचं नाव निघेल, जागा निघतील, आणि बाकीच्या सतरा जणी—" ती थांबली. "त्यात एकीला तीन वर्षांची मुलगी आहे. कालच सकाळी तिला नव्या जागी हलवणार होते."

"टपालाची रांग बघता येते का? न गेलेली पत्रं?"

चिमणीने बघितलं. रांगेत एकच पत्र होतं. ताईंचं ईमेल, नव्या पत्त्यासकट, पण ते ताईंना केव्हाच पोचलं होतं. ही त्याची चोरून काढलेली प्रत होती, आणि ती कुठल्यातरी अनोळखी पेटीकडे निघाली होती. समोरची पेटी भरलेली होती म्हणून यंत्र थोड्या थोड्या वेळाने पुन्हा धाडून बघत होतं.

"आता कळलं," चिमणी हळूच म्हणाली. "मास्तरांनी हीच प्रत पाहिली सकाळी. कपड्यांत काहीच सापडलं नसणार. मग त्यांनी हाडं बघितली. चिठ्ठीत एक ओळ सापडली असेल, येणारं प्रत्येक पत्र आधी या बाहेरच्या छोट्या प्रोग्रामकडून तपासून घे, असं सांगणारी; तोच प्रत काढून बाहेर धाडायचा. एक्केचाळिसाव्या भट्टीच्या आधी कुणीतरी ती चिठ्ठीत घुसवली. मास्तर जुन्या चिठ्ठीवरूनच नवी भट्टी लावायचे."

"म्हणून ते भावाला म्हणाले, मीच भाजलं." बाई उभ्या राहिल्या. "नंतर त्यांनी ती ओळ दाखवायला ज्याला बोलावलं, त्यानेच ती घातली होती. त्याने मागून पट्टी घातली. मास्तरांचं कोपर त्याच्या जबड्यावर बसलं, पण ते कोसळले. मेले असं समजून तो त्यांच्याच खुर्चीत बसला, ओळ उडवली आणि नवी भट्टी लावली. वीस मिनिटं. दोन घावांच्या मधे पंचवीस मिनिटं तो कशासाठी थांबला, हेच मला कळत नव्हतं. भट्टीची वाट बघत होता. अकरा बावन्नला भट्टी झाली, आणि सहा मिनिटांनी वीज गेली."

"आणि मास्तर?"

"मास्तर जिवंत होते. तो नवी भट्टी तपासत असताना ते सरपटत भिंतीपर्यंत गेले, दांडी ओढली, आणि मग त्याने वळून कपाळावर दुसरा घाव घातला." बाईंनी रक्ताच्या पट्ट्याकडे पाहिलं. "हे पत्र पुन्हा कधी निघणार होतं?"

चिमणीने पडद्यावर वाचलं. तिने बोटाने दाखवलं. बरोबर बारा वाजता.

६

सव्वाचारला बाईंनी मालकांना तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. वेल्डरलाही बोलावलं होतं, तो दाराशी उभा होता. चिमणी पडद्यासमोर.

"कबूल झाली का ही?" मालकांनी गालावरचा बर्फ न काढता विचारलं.

"होईल. एवढंच सांगा, मास्तरांनी भट्ट्या किती लावल्या?"

"बेचाळीस. सकाळी सांगितलं की."

"कशावरून?"

"वहीत आहेत ना सगळ्या."

बाईंनी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. वही एक्केचाळीसवर थांबत होती.

"मग यंत्रावर पाहिलं असेल."

"यंत्र अठ्ठावन्नला बंद पडलं, ते आज दीडनंतर आम्ही चालू केलं. तुम्ही बेचाळीस म्हणालात सकाळी. हा आकडा या जगात फक्त सहा मिनिटं दिसत होता, मालक. बावन्न ते अठ्ठावन्न. आणि तेव्हा तुम्ही दाताच्या डॉक्टरांकडे बसला होता, उजव्या गालावर दार आपटून घेऊन, डाव्या दातासाठी."

मालकांचा हात बर्फासकट खाली आला. जबड्यावर काळंनिळं पडलं होतं, कोपराच्या टोकाएवढं.

"त्या बाया कुणाच्या तरी बायका आहेत," ते म्हणाले. आवाजातला गोडवा पार गेला होता. "नवऱ्याला बायकोचा पत्ता सांगणं हा काही गुन्हा—"

वाक्य पुरं न करता त्यांनी कपाटाची दुसरी पट्टी ओढली. ती चिमणीच्या डोक्यावर यायची, पण बाई मधे घुसल्या आणि घाव त्यांच्या खांद्यावर बसला. हाड कडकन वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. दुसरा घाव उचलेपर्यंत वेल्डर पोचला होता. त्याने मालकांचं मनगट धरून उलटं फिरवलं, पट्टी खाली पडली, आणि मग त्याने त्यांचं तोंड लोखंडी कपाटावर आपटलं. एकदा. दोनदा. डाव्या गालातला कापूस रक्तात भिजून बाहेर पडला. तिसऱ्या वेळी त्याचे दोन्ही हात मालकांच्या गळ्यावर होते आणि मालकांचे पाय जमिनीवरून सुटले होते.

"सोड!" बाई ओरडल्या. एक हात लुळा पडला होता, दुसऱ्याने त्यांनी वेल्डरची बाही धरली. "सोड रे, जिवंत हवाय मला तो!"

"पाच मिनिटं मागितली होती मी."

"तुझ्या अण्णाने सहा वर्षांत एकदा तरी हात उगारला तुझ्यावर? मग आज त्याच्या खोलीत हे करणार तू?"

वेल्डरची बोटं सुटली. मालक जमिनीवर पडून खोकत राहिले, आणि तो अजस्र माणूस कपाटाला डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

मालकांना खाली नेलं तेव्हा पाचला दहा कमी होते. जिन्यात मुसळ भेटला, बाह्या सरसावून वर येत होता. "घरी जा," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडाकडे बघून तो खरंच गेला.

हवालदार बाईंचा खांदा बांधून खाली गेला तेव्हा चिमणी वहीवर वाकली होती. तिने लिहिलं: '४२. ओळी ४११. ही आपली नाही.' मग तिने मास्तरांच्या कागदांत शोधून ती उडवलेली ओळ चिठ्ठीत पुन्हा जागच्या जागी लिहिली आणि तिच्यापुढे जाळी टाकली.

"ती परत कशाला?" बाईंनी विचारलं.

"खोडायची नसते. पुढच्याला कळलं पाहिजे." तिने मोजलं. चारशे बारा.

"आता दांडी वर करायला हरकत नाही," बाई म्हणाल्या. "फोटो झालेत. जाळ्याची वायर मात्र बाहेरच राहू दे, ते पत्र कोर्टात जाईल."

चिमणी रक्ताच्या पट्ट्याच्या कडेने, कुठेही पाय न पडू देता, भिंतीपर्यंत गेली. नऊ फूट. मास्तरांना ते किती लांब वाटले असतील हे तिघांच्याही मनात आलं. वेल्डरने पुढे होऊन तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून दांडी वर केली.

दिवे लागले. भिंतीवरचं घड्याळ अकरा अठ्ठावन्नपासून पुढे चालू लागलं. कुणीही ते बरोबर लावायला पुढे झालं नाही. तिघं उभ्या उभ्या त्याच्याकडे बघत राहिले, एक मिनिट, मग दुसरं. काटा बारावर आला. पडद्यावर रांगेतलं ते एकच पत्र होतं तिथेच होतं.

"नाही गेलं, मास्तर," चिमणी म्हणाली, आणि मग तिने कालपासून आवरून धरलेलं रडू येऊ दिलं.